लग्न आधी, प्रेम नंतर : दोन रमाबाईंची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर, नेहमीसारखा थोडा साफसूफ करून.

मोबाईलवर ऐकायच्या ऐतिहासिक प्रेमकथांमध्ये सध्या एक साचा जोरात चालतो. दोघांचं लग्न कुठल्यातरी सोयीसाठी होतं. कुणाला तह टिकवायचा असतो, कुणाला वडिलांचा शब्द पाळायचा असतो. पहिले दहा भाग दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. मग एकाला ताप येतो, दुसरं रात्रभर उशाशी बसतं, आणि इकडं आपले डोळे भरून येतात. हसू नका, लातूर-मुरुड एसटीत माझं असं झालंय.

आमच्या मुरुडकडं लग्न जमवण्याला सोयरीक म्हणतात. शब्दाच्या आवाजातच 'सोय' आहे बघा. मी अठ्ठावीसचा आहे आणि माझ्या बायोडाट्याची पीडीएफ सध्या चार जिल्ह्यांतल्या व्हॉट्सॲपवर फिरतेय. म्हणून म्हणलं, हा साचा खऱ्या इतिहासात कसा दिसतो ते एकदा तपासू.

मराठीत या साच्याची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे रणजित देसाईंची 'स्वामी'. कादंबरी १९६२ ची, साहित्य अकादमी पुरस्कार १९६४ चा. आमच्या आजीकडं तिची शिवण सुटलेली प्रत आहे.

तिची सुरुवात आपल्याच भागातून जुळवता येते. फेब्रुवारी १७६० मध्ये आपल्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. त्या विजयानंतर भाऊ उत्तरेत गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर ते पडले. पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासरावही तिथंच गेला. जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला.

त्या घरातली लग्नं म्हणजे पत, पैसा आणि नात्यागोत्याचा हिशोब. पानिपतावर फौज उपाशी अडकली होती, तेव्हा डिसेंबर १७६० मध्ये खुद्द नानासाहेबांनी पैठणच्या सावकारी घराण्यातल्या राधाबाईंशी लग्न केलं. सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्यांची प्रेमकथा आपण ऐकत नाही, कारण गोष्ट व्हायला वेळच मिळाला नाही.

माधवराव आणि रमाबाईंचं लग्न लहानपणीच लावून दिलेलं. त्यांची पसंती कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. हिशोबातून झालेल्या त्या लग्नातली रिकामी जागा देसाईंनी कल्पनेनं भरली. बाहेर निजाम, हैदर, घरात रघुनाथरावकाका, आणि या सगळ्यातून रात्री थकून आलेला नवरा, त्याच्याशी हक्कानं बोलणारी बायको. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची. पुढं अनेकांच्या डोळ्यांपुढं माधवराव-रमा म्हणजे हेच दोन चेहरे राहिले.

आणि शेवट. १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर. माधवराव क्षयानं गेले. रमाबाई सती गेल्या. कादंबरी तिथंच संपते.

शाळेत असताना मला तो शेवट प्रेमाचा कळस वाटला होता. आता माधवराव गेले त्या वयापेक्षा मी एका वर्षानं मोठा झालोय, आणि तो शेवट परत वाचवत नाही. ही रमा आपल्याशी देसाईंच्या शब्दांत बोलते. चितेवर चढताना तिच्या मनात काय होतं, हे तिनं स्वतः लिहून ठेवलेलं आत्मचरित्र आपल्याकडं नाही. सतीबंदी १८२९ मध्ये आली, ती त्यांच्यानंतर सत्तावन्न वर्षांनी. आणि १९८७ मध्ये राजस्थानात देवराला गावी अठरा वर्षांची रूप कंवर जळाली, तेव्हाही तिथं गर्दीनं जयजयकार केला. मग सतीचा उदोउदो करणं हाही गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. म्हणजे 'किती प्रेम होतं तिचं' हे वाक्य दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही.

आता दुसरी रमा. हिनं स्वतः लिहिलंय.

१८७३. महादेव गोविंद रानडे, वय ३१, न्यायखात्यातले अधिकारी, विधवाविवाहाच्या चळवळीतलं मोठं नाव. पहिली पत्नी वारली. सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता विधवेशीच लग्न करणार. वडिलांनाही तीच धास्ती होती. त्यांनी घाईनं कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी ठरवली. मुलीच्या वडिलांना रानड्यांनी स्वतःच सांगून बघितलं की मी विधवाविवाहवाला आहे, माझे डोळे-कान अधू आहेत. थोडक्यात, स्वतःचाच बायोडाटा बिघडवून पाहिला. पण वडिलांपुढं 'नाही' म्हणाले नाहीत. लग्न झालं. विरोधकांना हसायला आणि मित्रांना मान खाली घालायला कारण मिळालं.

लग्न लागलं त्याच दिवशी रात्री त्यांनी तिला विचारलं, लिहितावाचता येतं का? नव्हतं येत. पाटी-पेन्सिल आली आणि शिकवणी सुरू झाली. आधी मराठी, पुढं इंग्रजी. घरातल्या बायका टोमणे मारायच्या. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात सभा झाली, तिथं तिनं इंग्रजीत निवेदन वाचलं, तर घरी आल्यावर बायकांनी तिला धारेवर धरलं. रानडे तिच्या बाजूनं भांडले नाहीत. 'सोस' म्हणाले. हे तिनंच लिहिलंय.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई जगल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथं विधवा आणि गरजू बायका शिकल्या. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं. त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या 'स्वतः' असा उल्लेख करतात. इंग्रजी भाषांतर १९३८ मध्ये आलं, त्याचं नावच 'हिमसेल्फ'. २०१२ ची 'उंच माझा झोका' ही मालिका याच गोष्टीवर.

मालिका बघताना आपण विरघळतो, आणि ते खोटं नाही. त्या पुस्तकात जीव लावणारी दोन माणसं आहेतच. पण सोयीचं लग्न पुढं गोड झालं म्हणून ती सुरुवात बरोबर ठरत नाही. रानडे त्या दिवशी वडिलांना 'नाही' म्हणाले असते, तर एखाद्या विधवेचं आयुष्य बदललं असतं. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण ती गोष्ट घडलीच नाही.

माझ्यापुरता एक नियम मी या दोन रमांकडून घेतलाय. गेल्या महिन्यात मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे येण्याआधीच विचारलं, 'तुम्हाला नाही म्हणायची मोकळीक आहे ना?' ती हसली आणि चार दिवसांनी 'नाही' म्हणाली. बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

त्या रात्री आजीला विचारलं, 'तुला आजोबा कधीपासून आवडायला लागले?'

'आवडायचं काय त्यात? न्हाई आवडला तर जायला जागा हुती का?'

मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, 'पर सकाळचा च्या त्यो करायचा. कुणाला सांगू नगं, म्हणायचा.'

सांगितलं बघा तुम्हाला. तुमच्याही घरी आज विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला.