चार आण्यांचं गाणं

माझं सगळं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं. पण आज सांगायचंय ते ज्यूकबॉक्सविषयी. २००३ साली धोबीतलावाजवळचं एक इराणी हॉटेल बंद झालं आणि तिथला ज्यूकबॉक्स बघायला मला बोलावणं आलं. कित्येक वर्षं तो कोपऱ्यात मुका उभा होता. शेठचा नातू म्हणाला, ‘‘काका, आतलं सगळं काढून टाका. दिवे तेवढे ठेवा आणि आत सीडी प्लेअर बसवा. गिऱ्हाईक तयार आहे.’’ शेठ काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, ‘‘काढण्याआधी एकदा तपासतो. पंधरा दिवस द्या.’’

नाणं टाकून गाणं ऐकण्याची कल्पना तशी फार जुनी. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यालयात लुई ग्लास या गृहस्थांनी एडिसनचा फोनोग्राफ ठेवला. त्याला चार नळ्या होत्या. नाणं टाकायचं आणि नळी कानाला लावायची. गाणं निवडायची सोय नव्हती. आत असेल ते ऐकायचं. विजेवर आवाज मोठा करणारं आणि आवडीचं गाणं निवडू देणारं यंत्र एएमआय कंपनीनं आणलं ते १९२७ साली. पुढं १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, जागोजाग बार उघडले आणि या पेट्यांना बरकत आली. अमेरिकेच्या दक्षिणेकडं कृष्णवर्णीयांचे नाचगाण्याचे अड्डे असत, त्यांना ‘जूक जॉइंट’ म्हणत. ‘ज्यूकबॉक्स’ हे नाव तिकडूनच आलं. १९४६ची वुर्लिट्झर १०१५ ही रंगीत बुडबुड्यांची पेटी छप्पन हजारांवर खपली, पण तिच्यात गाणी होती फक्त चोवीस.

सीबर्ग कंपनीनं १९४८ साली एका पेटीत शंभर गाणी बसवली. पन्नास तबकड्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजू वाजणार. १९५० साली तिनं हीच करामत पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांवर केली. आमची पेटी याच घराण्यातली. तबकड्या फळीवरच्या पुस्तकांसारख्या उभ्या रचलेल्या. त्यांच्यापुढून रुळावर एक गाडी सरकते. तुम्ही बटण दाबलं, की विद्युतचुंबक त्या गाण्याची खूणपिन हलवतो. सरकणारी गाडी त्या पिनेपाशी येऊन थांबते, तबकडी उचलते आणि उभीच फिरवते. दुसरी बाजू वाजवायची तर मोटर उलटी फिरते.

यात एक गंमत आहे. गाणी वाजतात ती मांडणीच्या क्रमानं, नाणी टाकल्याच्या क्रमानं नव्हे. ‘‘माझे चार आणे आधी पडले, याचं गाणं आधी कसं?’’ यावरून टेबलाटेबलांवर कशी हमरीतुमरी व्हायची, ते शेठ रंगवून सांगत.

आता दुरुस्ती. बंद पडलेलं यंत्र एकदम चालू करायचं नाही, हा पहिला नियम. जुन्या कंडेन्सरमधून वीज झिरपते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मी आमचा नेहमीचा उपाय केला. शंभर वॉटचा दिवा सिरीजमध्ये लावला. तो लख्ख पेटला, म्हणजे आत शॉर्ट! कंडेन्सर बदलले, तेव्हा दिवा मंद झाला. मग गाडी. ती अर्ध्यात अडत होती. मोडलं काहीच नव्हतं; जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं. ते पुसलं आणि थोडंसंच नवं लावलं. काही पिना चिकटल्या होत्या, त्या सोडवल्या. कॉन्टॅक्ट काळे पडले होते. तिथं काचपेपर मारायचा नाही, वरचा मुलामा जातो. जाड कागदाची पट्टी फिरवली की काम होतं.

पेटी वाजली. पण लताबाईंचा आवाज पुरुषी! सुई बदलली, व्हॉल्व्ह बदलले, फरक शून्य. चार दिवस वाया गेले. शेवटी तबकडीवर कागदाचा तुकडा चिकटवून घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला पंचेचाळीस हव्यात, भरल्या साडेसदतीस. बरोबर एक षष्ठांश कमी! मोटरही नको इतकी तापत होती. तेव्हा कुठं तिच्यावरची पत्र्याची पट्टी पुसली. ग्रीसच्या थराखाली आकडा होता साठ.

अमेरिकेत १८९०च्या दशकात वेस्टिंगहाउसनं विजेची साठ सायकल रूढ केली, तर युरोपात जर्मन एईजीमुळं पन्नास. आपल्याकडं पन्नासच आली. कधीतरी मूळ मोटर जळाली असावी आणि कुणीतरी अमेरिकेतली तशीच दिसणारी मोटर बसवून दिली. पेटी रडकी गाऊ लागली, म्हणून ती बंद करून ठेवली गेली. यंत्राचा दोष नव्हताच, आणि आम्ही त्याचीच आतडी काढायला निघालो होतो! पट्टी पहिल्या दिवशी पुसली असती तर माझेही चार दिवस वाचले असते.

चोरबाजारात अशाच एका मोडीतल्या पेटीची पन्नास सायकलची मोटर, गियरसकट, मिळाली. ती बसवली आणि शेठना बोलावलं. त्यांनी एका डब्यातून जुनं चार आण्याचं नाणं काढलं, खाचेत टाकलं आणि न बघता बटण दाबलं. बोटांना जागा पाठ होती. गाणं संपेपर्यंत ते उभेच होते. नातवानं तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला, ‘‘पेटी विकायची नाही.’’

चार आण्याचं नाणं २०११ साली चलनातून गेलं. त्या पेटीला मात्र अजून तेच लागतं. म्हणून नातवानं तो डबा जपून ठेवलाय. पाहुणा आला की आधी नाणं त्याच्या हातावर ठेवतो, आणि गाणं झालं की पेटीतून काढून परत डब्यात टाकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)