स्टेप्टो पितापुत्र : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं सनदा, महजर व जमाखर्चाचे कागद डोळ्यांपुढें उभे राहतात. आणि ज्याचें दप्तर नाहीं त्याचा इतिहासही नाहीं, अशी आपली समजूत होऊन बसते. लंडनच्या गल्ल्यांतून घोडागाडी हाकीत चिंध्या, हाडें व मोडकें लोखंड गोळा करणाऱ्या भंगारवाल्यानें दप्तर तें कोणतें ठेवावें? अशा एका घरांतील बापलेकांचें भांडण जींत रंगविलें आहे, त्या बी. बी. सी.च्या 'स्टेप्टो अँड सन' या विनोदी दूरचित्रवाणी-मालिकेकडे साधन या दृष्टीनें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मालिकेचे कर्ते रे गाल्टन व ॲलन सिम्प्सन. क्षयानें आजारी असतां एका आरोग्यधामांत १९४८ सालीं या दोघांची गांठ पडली. ता. ५ जानेवारी १९६२ रोजीं 'द ऑफर' हा सुटा खेळ दाखविण्यांत आला. त्याच वर्षीं त्याची मालिका झाली आणि मध्यें खंड पडून ती १९७४ पर्यंत चालली. बाप ॲल्बर्ट झालेला विल्फ्रिड ब्रँबेल डब्लिनचा, जन्म १९१२. मुलगा हॅरोल्ड झालेला हॅरी कॉर्बेट १९२५ सालीं रंगून येथें, म्हणजे तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानांत जन्मलेला. बापलेकांत अंतर अवघें तेरा वर्षांचें! दोघेही विदूषकी करणारे नव्हते, नट होते. आणि मालिकेचें बळ येथेंच आहे.

पहिल्याच खेळाचा शेवट पाहावा. वयानें चाळिशीकडे झुकलेला हॅरोल्ड घर सोडण्याच्या निश्चयानें आपलें सामान गाडीवर रचतो. घोडा नाहीं, म्हणून स्वतःच गाडी ओढूं लागतो. गाडी तसूभरही हलत नाहीं. तो रडकुंडीस येतो, आणि म्हातारा त्याला समजावीत घरांत नेतो. पुढें १९७२ च्या एका भागांत तर हॅरोल्ड घराच्या मधोमध भिंत घालून वांटणी करतो. तरी दोघे एकाच छपराखालीं राहतात तें राहतातच. हें सर्व कल्पित आहे, असा आक्षेप येईल. पण बखरींतील भाषणेंही बखरकारानेंच रचलेलीं असतात. म्हणून आपण बखर टाकून देत नाहीं, जपून वापरतों.

या मालिकेचा राजकारणाशींही एकदां संबंध आला. ता. १५ ऑक्टोबर १९६४ रोजीं इंग्लंडांत सार्वत्रिक निवडणूक होती. मतदान रात्रीं नऊपर्यंत. आणि त्याच सायंकाळीं या मालिकेचा एक जुना भाग पुन्हां दाखविला जावयाचा होता. कामावरून परतलेला मजूर घरींच बसेल, या भीतीनें मजूर पक्षाचे पुढारी हॅरोल्ड विल्सन यांनीं बी. बी. सी.चे प्रमुख ह्यू ग्रीन यांस गांठलें, व खेळ नऊवर ढकलण्यांत आला. मजूर पक्षास ३१७ जागा मिळाल्या; बहुमत अवघें चारांचें. त्यावरून हा विजय स्टेप्टोनें दिला असें गमतीनें म्हणतात. आम्हांस तो काकतालीय न्याय वाटतो, कारण किती मतदार त्यामुळें घराबाहेर पडले हें दाखविणारा पुरावा नाहीं. मात्र भावी प्रधानमंत्र्यास एका विनोदी खेळाची धास्ती वाटली, एवढें त्यावरून निःसंशय सिद्ध होतें. गंमत अशी कीं, खेळांतला बाप हुजूर पक्षाचा आणि मुलगा मजूर पक्षाचा आहे.

आतां मुख्य तक्रार. त्या काळीं चित्रफिती महाग. एकदां खेळ दाखविला कीं त्या पुसून पुन्हां वापरीत. मोडी रुमाल वाण्याच्या पुड्यांस गेलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हा प्रकार नवा वाटूं नये. १९७० पासून मालिका रंगीत झाली होती. पण त्या वर्षींच्या बहुतेक भागांच्या मूळ फिती उरल्या नाहींत. लेखकद्वयासाठीं साध्या यंत्रावर उतरून घेतलेल्या प्रती तेवढ्या वांचल्या, आणि त्या काळ्या-पांढऱ्या आहेत. त्या भागांपुरता म्हाताऱ्याच्या घरांतील अडगळीचा रंग कोणता होता, तें आतां दिसावयाचें नाहीं.