दोन मोऱ्या आणि एक तलाव

आयुष्य सार्थकी लागलं म्हणजे नेमकं काय झालं, याचं एक उत्तर बंगळूरच्या एचएसआर लेआउटच्या कडेला असलेल्या अगरा गावच्या शिलालेखात आहे. लेख गंग घराण्याच्या राजवटीतला, साधारण 870 सालचा. भाषा मात्र आमच्या पाटबंधारे खात्यातल्या कामपूर्तीच्या दाखल्यासारखी कोरडी. सत्यवाक्य पेर्मानडी राज्य करत असताना इर्व्वुलियूरच्या ओडेयाचा, म्हणजे प्रमुखाचा, मुलगा इरुगमय्य याने दोन तलावांना मोऱ्या बसवल्या, पूर्वेचा तलाव बांधला आणि तिन्ही तलावांचं बिट्टुवट्ट मिळवलं. बिट्टुवट्ट म्हणजे तलाव बांधणाऱ्या किंवा राखणाऱ्या माणसाला त्याबद्दल तोडून दिलेला हक्क.

मी धुळ्याकडे पाटबंधारे खात्यात नोकरी केली. आता लेकीकडे इथे राहतो. त्या नोकरीमुळेच हा लेख वाचताना माझं लक्ष आधी मोऱ्यांकडे गेलं. तलाव बांधणाऱ्याचं नाव होतं, मोरी बसवणाऱ्याला कोण विचारतो? पण बांधाच्या पोटातून पाणी काढायचं हे सगळ्यात जोखमीचं काम. मोरीच्या कडेने पाणी झिरपू लागलं की माती वाहते आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खा बांध जातो. आणि मोरीच नसेल तर तलाव नुसता भरतो अन् सांडव्यावरून वाहून जातो, खालचं शेत कोरडंच. इरुगमय्याने दोन तलावांना मोऱ्या बसवल्या; पूर्वेच्या तलावासारखे ते त्याने बांधल्याचं लेख म्हणत नाही. ते दुसऱ्या कुणाचे असतील, तर त्याने दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं. मला हा माणूस तिथेच आवडला.

त्याच काळातलं दुसरं उत्तर इथून जवळच, बेगूरला सापडतं. तिथल्या नागेश्वर देवळातल्या, साधारण 890 सालच्या लेखात बंगळूरचं नाव पहिल्यांदा येतं, ते एका लढाईच्या निमित्ताने. बेगूरचाच एक देखणा वीरगळ आता सरकारी संग्रहालयात आहे. तो नागत्तराचा. तुंबेपाडीच्या लढाईत तो पडला. दगडावर हत्ती-घोड्यांची झुंबड कोरली आहे. अगऱ्याच्या दगडासमोर अशी गर्दी कोण करणार? आम्हा मराठी माणसांनाही बंगळूर म्हटलं की शहाजीराजांची जहागीर आठवते, मोऱ्या नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. माती वाहणाऱ्यांची नावं या दगडावर नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोडणारा, वाटून देणारा नीरगंटीही दगडावर क्वचितच चढतो. आमच्याकडे पांझरा नदीवरच्या फड-पद्धतीच्या शेतांवर पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पीक राखायचा आणि खळ्यावर त्यांना धान्य मिळायचं. ज्याचं शेत पाटाच्या शेपटाला आहे, त्याच्यापर्यंत पाणी पोचलं तर पाटकरी चांगला. गावात त्याची परीक्षा एवढीच. इरुगमय्याच्या नशिबी दगड आला, यांच्या नशिबी तेवढंही नाही.

पुढचं लवकर सांगतो. 1980 च्या दशकात बंगळूर विकास प्राधिकरणाने होसूर आणि सर्जापूर रस्त्यांच्या मधल्या या भागात लेआउट पाडला. सोमसंद्रपाळ्य, हरळुकुंटे, परंगीपाळ्य ही गावं सेक्टरांच्या घोळक्यात आली. शेतं गेली आणि मोऱ्यांचं काम संपलं. उतार मात्र तोच राहिला: मडिवाळ तलावाचं पाणी अगऱ्यात, अगऱ्याचं बेळंदूरला, तिथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीला. आपण वर जे सोडतो ते खालच्याच्या दारात जातं. बेळंदूर तलावावर फेस चढला, 2017 आणि 2018 मध्ये तलाव पेटलाही. सप्टेंबर 2022 मध्ये आउटर रिंग रोडवर पाणी तुंबलं. 2024 च्या उन्हाळ्यात हेच शहर टँकरची वाट पाहत होतं.

अगऱ्याच्या बांधावर सकाळी फिरताना आम्हा आईबापांच्या गप्पा मुलांच्या पगारावर आणि फ्लॅटच्या भावावर येतात. वाईट नाही ते. इरुगमय्यानेही आपला हक्क घेतलाच, फुकट काही केलं नाही. पण आधी काम, मग हक्क, हा त्या दगडावरचा क्रम मला पटतो. म्हणून इथे घर बघायला येणाऱ्या मराठी मुलांना माझं सांगणं आहे: क्लबहाउस नंतर बघा. आधी सोसायटीचं सांडपाणी शुद्ध होतं का आणि कुठे सोडतात, ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर कमिटीवर जा आणि ते काम स्वतःकडे घ्या.