फॉकलंड युद्धातील सी डार्ट व सी वुल्फ : एक तुलना

युद्धनौकेवरील विमानविरोधी क्षेपणास्त्रांची प्रत्यक्ष कसोटी १९८२ च्या फॉकलंड युद्धात लागली. ब्रिटिश नौदलाचे सी डार्ट हे लांब पल्ल्याचे, उंचावरील विमानांविरुद्ध प्रभावी अस्त्र होते. सी वुल्फचा पल्ला अवघा काही किलोमीटर, परंतु लाटांलगत येणारे विमान टिपण्यास तेच अधिक उपयुक्त. अर्जेंटिनाने सी डार्टसज्ज दोन विनाशिका ब्रिटनच्याच आराखड्यानुसार मिळविल्या असल्याने त्याच्या मर्यादा शत्रूस अवगत होत्या. शस्त्रविक्रीची ही किंमत क्वचितच हिशेबात धरली जाते!

यावर उपाय म्हणून दोन्ही प्रकारच्या नौकांची जोडी योजण्यात आली. १२ मे रोजी ‘ब्रिलियंट’च्या सी वुल्फने दोन स्कायहॉक पाडली, पुढच्या हल्ल्यात मात्र यंत्रणा बंद पडली आणि एक बॉम्ब ‘ग्लासगो’च्या आरपार गेला, सुदैवाने न फुटता. २५ मे रोजी ‘कॉव्हेंट्री’च्या सी डार्टने विमाने पाडली होती. नंतरच्या हल्ल्यात ‘ब्रॉडस्वर्ड’च्या सी वुल्फने लक्ष्य पकडले असताना, बचावासाठी वळलेली ‘कॉव्हेंट्री’च मध्ये आली. मारा करता आला नाही. ‘कॉव्हेंट्री’ बुडाली, १९ जण मृत्युमुखी पडले. हा दोष क्षेपणास्त्रापेक्षा दोन नौकांच्या हालचालींतील समन्वयाचा अधिक होता.