गवताची फळी आणि झाडाचा कायदा

कासारवडवलीपासून गायमुखापर्यंत कुठल्याही सोसायटीत शिरा, एखाद्या तरी मजल्यावर रिनोव्हेशन चालू असतंच. विट्रिफाइड टाइल्सचा कंटाळा आलेल्या घरांत हल्ली एक पर्याय हमखास विचारला जातो: इंजिनिअर्ड बांबूचं फ्लोअरिंग. दुकानदार नमुन्याची फळी हातात देतो आणि बहुतेक वेळा दोन गोष्टी सांगतो. एक, ‘हे लाकूड नाही, गवत आहे. झाड तोडल्याचं पाप नाही.’ आणि दोन, ‘माल चायनाचा आहे.’

माझ्या संशोधनाचा विषय वनकायद्यांचा इतिहास असल्यामुळे ही दोन वाक्यं मला एकत्र ऐकू येतात. पहिलं वाक्य वनस्पतिशास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. पण भारतीय कायद्याप्रमाणे ते २०१७ सालापर्यंत चूक होतं. आणि दुसरं वाक्य खरं का ठरलं, याचं एक मोठं कारण या चुकीत आहे. बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो, त्या जंगलात बांबूची बेटं आहेत, आणि पायाखालची फळी मात्र समुद्र ओलांडून येते. असं का झालं, ते आज बघू.

आधी फळी समजून घेऊ

बांबू गोल आणि बहुधा पोकळ. त्यातून सागासारखी सरळ फळी निघत नाही. म्हणून चार ते सहा वर्षांचा पक्व बांबू उभा चिरून पट्ट्या काढतात, त्यांची साल तासतात, पट्ट्या उकळतात, वाळवतात आणि राळ लावून गरम दाबयंत्रात एकमेकींना चिकटवतात. वाफेच्या दाबाखाली जास्त वेळ ठेवल्या की आतली साखर करपून रंग कॉफीसारखा होतो. त्याला कार्बनाइज्ड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पट्ट्या चेचून त्यांचे धागे करतात, ते राळेत भिजवून प्रचंड दाबाखाली त्यांचा ठोकळा बनवतात. हा स्ट्रँड वोव्हन, जास्त टणक. आपण ज्याला इंजिनिअर्ड म्हणतो त्या फळीत बहुधा वर बांबूचा थर आणि खाली प्लायवूड किंवा एचडीएफ असतं.

उकळायचं कशाला? बांबूत स्टार्च असतो आणि तो राहिला की भुंगा लागतो. ही गोष्ट आपल्याकडे कुणाला नवीन नव्हती. कोकणात जुनी माणसं बांबू अंधाऱ्या पक्षात तोडतात आणि ओढ्याच्या किंवा खाडीच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात. पाणी हळूहळू स्टार्च काढून नेतं. कारखान्यातली कढई तेच काम काही तासांत करते.

बसवताना मात्र ठाण्याच्या हवेशी गाठ असते. पावसाळ्यात हवा ओलीचिंब, फळी फुगते. नंतर एसीच्या कोरड्या हवेत आकसते. म्हणून खोकी आणल्यावर फळ्या दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवतात. जुन्या टाइल्स समतल आहेत का ते पाहतात, पोकळ वाजणाऱ्या टाइल्स दुरुस्त करतात, वर प्लास्टिकचा कागद आणि फोम अंथरतात. फळ्या खाचेत खाच अडकवून बसतात, खाली चिकटवलेल्या नसतात. भिंतीपाशी चारही बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडतात, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही फट सोडली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन मधोमध उचलते. आणि सगळी जमीनच थोडी वर आल्यामुळे सुतार दारं खालून रंधतो.

यातलं एकही काम आपल्या आवाक्याबाहेरचं नव्हतं. बांबूच्या चटईपासून बनवलेल्या बोर्डासाठी भारतीय मानक १९९४ सालीच तयार झालं होतं. तरीही फळीचा मोठा उद्योग इथे उभा राहिला नाही. आता कायद्याकडे वळू.

‘झाड’ म्हणजे काय?

भारतीय वन अधिनियम, १९२७. कलम २, पोटकलम ७. इथे ‘झाड’ या शब्दाची व्याप्ती दिली आहे: त्यात ताड-माडाच्या जातीची झाडं, बांबू, खुंट, झुडपं आणि वेत हे सगळं येतं. दिसायला ही निरुपद्रवी ओळ आहे. पण बांबू एकदा झाड ठरला की तोडलेला बांबू म्हणजे लाकूड. आणि लाकडाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ४१ नं राज्य सरकारांना दिला. म्हणजे शेताच्या बांधावर स्वतः लावलेलं बेट तोडून बाजारात न्यायचं तरी अनेक ठिकाणी वनखात्याची परवानगी आणि वाहतूक पास, लोकांच्या भाषेत ‘टीपी’, लागायचा. कुठल्या जातीला सूट, कुठे नाही, हे राज्यागणिक बदलायचं. व्यापाऱ्याला ट्रक नाक्यावर अडकण्याची धास्ती, शेतकऱ्याला ऑफिसाच्या खेपा. असं पीक कोण मनापासून लावेल?

ही व्याख्या लिहिणाऱ्यांना बांबू गवत आहे हे माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. पण त्यांचा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नव्हताच. जंगलातून बाहेर पडणारी वस्तू सरकारला अडवता येईल का, हा प्रश्न होता.

हे समजायला ठाण्याचाच इतिहास उपयोगी पडतो. १९२७ चा कायदा मुळात १८७८ च्या कायद्यावर बेतलेला आहे. १८७८ नंतर ठाणे जिल्ह्यात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि राबावरून खटके उडू लागले. राब म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी त्या जागी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजणं. शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या दृष्टीनं ही शेतीची पहिली पायरी. वनखात्याच्या दृष्टीनं सरकारी झाडांची नासधूस. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या चौकशीसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. या वादात सारखा एकच पेच दिसतो: रोजच्या वापरातली वस्तू, मग ती फांदी असो, गवत असो वा बांबू, ती लोकांचा हक्क की सरकारनं दिलेली सवलत? हक्क असेल तर तो मागावा लागत नाही. सवलत असेल तर ती केव्हाही काढून घेता येते.

इथल्या घरांत तर बांबू सगळीकडे होता. कुडाच्या भिंतीत, छपरात, सुपात, टोपलीत, कणगीत, पावसाळ्यातल्या इरल्यात. जमीन तेवढी शेणानं सारवलेली.

एकाला पास, दुसऱ्याला दीड रुपया

बांबूवर नियंत्रण आलं ते तो जपण्यासाठी, असं कुणी म्हणेल. मग कागद कारखान्यांचा इतिहास बघा. विसाव्या शतकात बांबूचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे कागद कारखाने. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर, आणि दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेली. (हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता.) दांडेलीच्या कारखान्याला सरकारनं बांबू दिला तो टनाला दीड रुपया दरानं. त्याच बांबूसाठी बुरडांना बाजारात शेकडो पटींनी जास्त पैसे मोजावे लागत.

१९७० च्या दशकात टोपल्या विणणाऱ्यांनी तक्रार केली की बांबू संपत चाललाय. कर्नाटक सरकारनं ते तपासायला सांगितलं माधव गाडगीळांना. त्यांना जे दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. काटेरी कळकाच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. गावकरी ते हलवत नसत, वरच्या वर बांबू तोडत. वनखात्याच्या मते मात्र ते जाळं साफ केलं तर बेट चांगलं वाढेल, म्हणून ती सफाई झाली. परिणाम उलटा झाला. काटे गेल्यावर नवे कोंब गुरांनी आणि जंगली जनावरांनी फस्त केले आणि बेटं खंगली. गावकऱ्यांनी हे आधीच सांगितलं होतं. पण ज्यांच्याकडे फक्त सवलत होती, त्यांच्या माहितीलाही किंमत नव्हती.

या काळात बांबू आपल्या व्यवस्थेच्या नजरेत दोनच गोष्टी राहिला: पासावर अडवायचं लाकूड आणि दळून लगदा करायचा कच्चा माल. फळी बनवायची तर दरवर्षी ठरावीक वयाचा बांबू निवडून तोडणारा, बेट सांभाळणारा माणूस लागतो. लगद्याला असल्या निवडीची गरज नसते.

चीनमध्ये १९८० च्या दशकात डोंगर गावातल्या कुटुंबांकडे कसायला दिले गेले. झेजियांग प्रांतातल्या आंजीसारख्या भागांत मोसो बांबूभोवती कारखाने उभे राहिले आणि १९९० च्या दशकात फ्लोअरिंग जगभर जाऊ लागलं. इथे एक आक्षेप रास्त आहे. मोसो जाड आणि सरळ, त्याच्या पट्ट्या रुंद निघतात. आपला मानवेल बारीक, भरीव आणि वाकडा. हे खरंच आहे, आणि सगळा दोष कायद्यावर टाकता येणार नाही. पण स्ट्रँड वोव्हन प्रकारात बांबू चेचायचाच असतो, तिथे पट्टीच्या रुंदीचा मुद्दा फारसा उरत नाही. आपल्या बांबूला शोभेल असं तंत्र वेळेवर शोधायची गरजच कुणाला वाटली नाही, हा खरा मुद्दा.

व्याख्या बदलली, पण कुणासाठी?

पहिली फट पाडली २००६ च्या वनहक्क कायद्यानं. त्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे ग्रामसभेच्या मालकीची वस्तू. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आणला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी टीपी देणार कोण, यावर अडलंच. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबू तोच, पण आता शिक्का गावाचा.

दुसरा बदल नोव्हेंबर २०१७ चा. वटहुकूम निघाला आणि कलम २(७) मधून ‘बांबू’ हा एक शब्द वगळला. लगेच कायदाही झाला. खासगी जमिनीवरचा बांबू झाड राहिला नाही, त्याला तोडणीचा आणि वाहतुकीचा पास नको. जंगलातला बांबू मात्र वनकायद्यांखालीच राहिला.

हा फरक घोडबंदर रोडवरून चांगला दिसतो. रस्त्याच्या दक्षिणेला येऊर, उत्तरेला नागला. दोन्हीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथला बांबू तोडायचा प्रश्नच नाही, आणि तो तसाच राहावा. पण याच रस्त्यालगतच्या पाड्यांवर जी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर जगली, त्यांच्या नावावर बांधच नाही. २०१७ च्या सुटीचा फायदा ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. ज्याच्याकडे फक्त जंगल होतं त्याचा मार्ग अजूनही २००६ च्या कायद्यातून, ग्रामसभेतूनच जातो.

देशी फळी आता मिळू लागली आहे. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूचं फ्लोअरिंग आहे. तेव्हा घरात बांबू बसवणार असाल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. वरचा बांबूचा थर किती मिलिमीटरचा आहे? राळेतून फॉर्मल्डिहाइड किती सुटतं, ई-वन दर्जाचा कागद आहे का? आणि हा बांबू कुठे वाढला, कुणी तोडला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा खोक्यावर छापलेली असतात. तिसऱ्याचं उत्तर छापायची पद्धत अजून पडलेली नाही. गिऱ्हाईक विचारू लागलं तर पडेल.