पोलाद शेफील्डचं, मूठ बाभळीची

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. धेनुकाकटचा वढकी सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दार केलं, एवढाच त्याचा मजकूर. वढकी म्हणजे सुतार. आत जाऊन मान वर केली की दगडी छताला लावलेल्या सागवानी कमानी दिसतात. त्या छताचं वजन पेलत नाहीत, डोंगर आपला आपण उभा आहे. लाकडी इमारतीत अशा कमानी असत म्हणून लेण्यातही त्या बसवल्या, आणि दोन हजार वर्षांनंतरही त्यांतल्या बऱ्याच जागच्या जागी आहेत. जवळच्या भाजे लेण्यात तर अशा लाकडी कमानींवरच ब्राह्मी अक्षरं सापडली. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक होतो तेव्हा मुलांना तिथे घेऊन जात असे. सामीचं नाव त्यांना बोटानं दाखवत असे. पुढच्या दोन हजार वर्षांत आपल्या धंद्यातल्या माणसांची नावं फार थोडी लिहिली गेली, आणि याची मला खंत आहे.

कागदावर सुतार नाही. अवजारावर मात्र तो आहे, निदान गेल्या दीडेकशे वर्षांतला तरी. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जी अवजारं जमवली, दुरुस्त केली आणि रोज वापरतो, ती मी याच नजरेनं बघतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी ताडपत्रीवर लोखंड पसरलेलं असतं. पाने, पक्कड, नळाच्या तोट्या, मोटारीचे भाग, आणि त्यातच कुठेतरी एखादं किंकरं, म्हणजे सुताराची छिन्नी. विकणाऱ्याला ते वजनावर द्यायचं असतं. "मास्तर, गंजलंय, पण पोलाद असली आहे," एवढं तो सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. मी आधी मूठ बघतो. इंग्रजी किंकऱ्यांना तिकडे बीच, अ‍ॅश किंवा बॉक्सवुडची मूठ असे. आपल्याकडच्या हवेत आणि मोगरीच्या माराखाली ती कधीतरी फुटली, आणि तिच्या जागी कुणीतरी बाभळीची बसवली. बाभूळ घट्ट आणि चिवट, गाडीच्या चाकालाही तीच वापरत. काही मुठी चरकावर कातलेल्या असतात, काही नुसत्या वाकसानं तासून कानशीनं गोल केलेल्या. वरच्या टोकाला लोखंडी कडं असलं तर तो माणूस जोराचं काम करणारा होता, चौकटींच्या खाचा पाडणारा. कडं नसून टोक गुळगुळीत असलं तर हातानं रेटून बारीक तासकाम करणारा. एवढं तर मूठच सांगते.

मग पातं. गंज घासला की मागच्या बाजूला बहुधा एक अस्पष्ट रेघ दिसते. एका बाजूला मऊ घडीव लोखंड, दुसऱ्या बाजूला पोलादाचा पातळ थर. त्याचं कारण असं. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला घड्याळाच्या कमानींसाठी एकसारखं पोलाद हवं होतं. १७४०च्या दशकात त्यानं ते मातीच्या मुशीत वितळवून काढलं आणि शेफील्डजवळ कारखाना घातला. मुशीतलं हे पोलाद उत्तम, पण महाग. म्हणून अवजाराचं अंग लोखंडाचं ठेवून फक्त धारेच्या बाजूला पोलाद तापवून ठोकून जोडत. 'कास्ट स्टील' असा ठसा दिसला की ते या मुशीच्या पोलादाचं समजावं. विसाव्या शतकात विजेच्या भट्ट्या आल्या आणि हा ठसा मागे पडत गेला, त्यामुळे अवजाराचं वय काढायलाही तो उपयोगी पडतो.

आपला गावचा लोहारही हेच करत होता. लोखंडी कुऱ्हाडीच्या किंवा वाकसाच्या तोंडाला पोलादाची पट्टी ठोकून जोडायची, तापवायची, पाणी द्यायचं. गावाला पोलाद मिळणं अवघड, म्हणून जे हाताशी येई त्याचं अवजार होई. माझ्याकडच्या एका अरुंद किंकऱ्याच्या पाठीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा आहेत. ती जुनी कानस आहे. दात झिजल्यावर कुणीतरी ती तापवून, चपटी करून, घासून किंकरं केलं, पण कानशीचे दात पुरते पुसले गेले नाहीत. कानशीच्या पोलादात कार्बन भरपूर, त्यामुळे या किंकऱ्याची धार माझ्याकडच्या नामांकित ठशांच्या किंकऱ्यांइतकीच टिकते. पुढे मोटारी आल्या आणि त्यांच्या कमानपाट्यांचे वाकस झाले. माझ्या सगळ्या संग्रहात मला हे कानशीचं किंकरं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यावर ठसा नाही, पण एका माणसाची अख्खी युक्ती त्यात दिसते.

इंग्रजी अवजारं इकडे मोठ्या प्रमाणावर आली ती गोदी, पलटण आणि रेल्वे यांच्या वाटेनं. त्याआधीही मुंबईत जहाजं बांधली जात होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या गोदी सांभाळली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही जपून ठेवलेलं आहे. ते बांधणाऱ्या जमशेदजी बमनजी वाडियांचं एक चित्र आहे, त्यात त्यांच्या कमरेला चांदीची फूटपट्टी खोवलेली दिसते. ईस्ट इंडिया कंपनीनं ती त्यांना सन्मान म्हणून दिली होती. कारागिराचा सन्मान अवजार देऊन करावा, ही कल्पना मला फार आवडते. तलवार नाही, शाल नाही, मोजपट्टी. पण जहाजाच्या फळ्या वाकसानं तासणारे शेकडो हात होते, त्यांचं चित्र कुणी काढलं नाही.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतरची शंभर वर्षं आगगाडीचे डबे मुख्यतः लाकडाचे होते. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपांत सुतारांची मोठी खाती होती. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून सबंध पोलादी डबे होऊ लागले आणि त्या खात्यांचं काम आटत गेलं. रेल्वेची आद्याक्षरं ठोकलेली अवजारं मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात ती यामुळे. खडकीच्या लष्करी छावणीच्या बाजूनं येणाऱ्या मालावर पक्ष्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण असतो, ती इंग्रज सरकारच्या मालमत्तेची खूण. अशा एका पटाशीवर सरकारी बाणाच्या शेजारी कानशीच्या कोपऱ्यानं कोरलेली तीन आडव्या रेघांची खूण आहे. अक्षर न येणाऱ्या माणसानं आपलं अवजार ओळखण्यासाठी ती केली असावी. सरकार म्हणतं माझं, तो म्हणतो माझं, आणि मूठ झिजली आहे ती त्याच्या अंगठ्यानं.

गावातली गोष्ट वेगळी होती. तिथे सुतार बलुतेदार. लाकूड शेतकऱ्याचं, कसब सुताराचं. नांगर, कुळव, पाभर करून द्यायची, वर्षभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाड्या'त ही व्यवस्था आतून पाहून लिहिली आहे. ती लिहिली जात होती तेव्हाच तिच्यातला एक खिळा निसटायला लागला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. सुरुवातीला तो खपेना, लोखंडानं जमीन नासते असा समज होता. पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर शिवारात शिरला. शेतकऱ्याचं त्यात हित झालं यात मला शंका नाही. पण लाकडी नांगर हे सुताराच्या वर्षाचं मोठं काम होतं. ते हातचं गेल्यावर सुताराची पोरं शहराकडे, गिरण्यांकडे, रेल्वेकडे निघाली, आणि जाताना बापाचा वाकस पिशवीत घालून गेली. गावच्या घडणीचं अवजार आणि शेफील्डचं अवजार एकाच पेटीत सापडतं, त्याचं कारण मला हेच दिसतं.

वाकसाबद्दल थांबून सांगायला हवं. दांडा आखूड, पातं दांड्याला आडवं, मागची बाजू हातोडीसारखी. बसून काम करणाऱ्याचं हे अवजार आहे. आपला सुतार जमिनीवर बसायचा, लाकूड पायानं धरायचा, पाऊल हाच त्याचा शिकंजा. भोक पाडायला सामता घेतला तर एका हातानं दोरीचं धनुष्य मागे-पुढे ओढायचं, दुसऱ्यानं नारळाच्या करवंटीच्या तुकड्यानं किंवा लाकडी टोपीनं वरून दाब द्यायचा. इंग्रजी रंधा आणि करवत मात्र उभ्या माणसासाठी घडलेली. त्यांच्याबरोबर टेबल आलं, व्हाइस आला. आम्ही संस्थेत मुलांना उभं राहूनच शिकवलं, अभ्यासक्रमच तसा होता. सुताराघरची मुलं पहिले काही आठवडे टेबलाशी अवघडलेली असत. जेवणाच्या सुट्टीत तीच मुलं खाली बसून, तुकडा पायात धरून, झरझर काम उरकत. बसून करायच्या कामाला कमी लेखणारी दृष्टी मला कधीच पटली नाही. आखूड, बारीक कामाला जमिनीइतकं स्थिर टेबल नाही.

दुरुस्तीचं माझं सर्वांत आवडतं काम म्हणजे लाकडी रंधा. त्याचा तळ वर्षानुवर्षं घासून, पुन्हा सपाट करून कमी होत जातो. पातं तिरकं बसत असल्यामुळे तळ जितका कमी होईल तितकं तोंड रुंद होतं. तोंड रुंद झालं की छिलका मोडायला पुढची कड जवळ राहत नाही आणि लाकूड उचकटतं. उपाय जुनाच आहे. तोंडाच्या पुढे तळात उथळ खाच पाडायची आणि तिथे शिसवीचा तुकडा बसवायचा, रेषा तळाच्या रेषेला समांतर ठेवून. मी तो सरसानं चिकटवतो. फेव्हिकॉल १९५९ पासून आहे आणि चांगलाच आहे, पण सरस गरम पाण्यानं सुटतो. माझ्यानंतर कुणाला हा तुकडा बदलायचा झाला तर त्याला रंधा फोडावा लागू नये. बाजारात मिळणाऱ्या रंध्यांपैकी काहींत असा तुकडा आधीच बसवलेला असतो, क्वचित एकाच्या पोटात दुसरा. तळाच्या बाजूनं ते जोड बघितले की किती पिढ्या तो चालला याचा अंदाज येतो.

लोखंडी रंध्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत लिओनार्ड बेली यानं पातं स्क्रूनं मागे-पुढे करायची सोय काढली आणि १८६९ मध्ये त्याचा धंदा स्टॅन्ले कंपनीनं विकत घेतला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक लोखंडी रंधा त्याच रचनेचा आहे. तो ओतीव बिडाचा, पडला की फुटतो. त्याची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः स्वच्छता आणि पात्याची धार.

गंज काढायला मी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर वापरतो. अवजार उणे टोकाला, साधा पत्रा अधिक टोकाला. त्या जागी स्टेनलेस कधीच लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ग्राइंडरवर मी पातं नेतच नाही. घाईत कड निळी पडली की पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला. ऑइलस्टोनवर वेळ लागतो, पण पोलाद शाबूत राहतं. करवतीचे दात तिधारी कानशीनं लावतो, एकआड एक फाकवतो. कुणी मला चकाकणारी, बफ मारलेली जुनी अवजारं दाखवायला आणतं तेव्हा मला वाईट वाटतं. ठसे, मालकाच्या खुणा, अंगठ्याची झीज, सगळं त्या चकाकीत गेलेलं असतं. गंज काढावा, खुणा राहू द्याव्यात.

याच्यातच एक अडचण आहे आणि तिचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. दर वेळी धार लावली की पोलाद थोडं कमी होतं. थर जोडलेल्या जुन्या पात्यांत पोलाद खालच्या काही इंचांपुरतंच असतं, वर नुसतं लोखंड. वापरलं तर पातं संपतं, नाही वापरलं तर ते पेटीतलं लोखंड. संग्रह करणारे बरेच जण काचेत ठेवायला सांगतात. मला ते पटत नाही. शेडमध्ये येणाऱ्या मुलांच्या हातात मी सरकारी बाणाची पटाशीही देतो आणि कानशीचं किंकरंही, कारण हे पोलाद कसं कापतं ते हातालाच कळतं. मात्र प्रत्येक अवजाराला वहीत एक पान आहे. कुठे मिळालं, मूठ कोणत्या लाकडाची, खुणा कोणत्या, मी काय बदललं, आणि पोलादाची रेघ धारेपासून किती वर आहे. ते अंतर अर्ध्या इंचावर आलं की ते अवजार कामातून काढायचं असं ठरवलंय. दोन पाती त्या हद्दीला आली आहेत. बाकीची कामात आहेत.