जुन्या गाडीच्या काचेची पट्टी सुटली, आत पाणी येतंय? सिलिकॉन लावण्याआधी हे वाचा

पहिला जोरदार पाऊस झाला की सकाळी गाडीत बसताना पायाखालची मॅट ओली लागते. काचेवर आतून धुकं धरलेलं असतं आणि कुबट वास येतो. समोरच्या काचेच्या कडेची काळी पट्टी, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'बीडिंग', एका कोपऱ्यात उचललेली दिसते. मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब येते आणि काचेभोवती जाड थर दिला जातो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा येतं.

असं का होतं, हे कळण्यासाठी आधी गाडीची काच कशी बसवलेली आहे ते पाहावं लागतं. कारण सुटलेल्या पट्टीचा अर्थ सगळ्या गाड्यांत एकच नसतो.

रबरात बसवलेली काच

प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, मारुती ८०० अशा जुन्या गाड्यांत समोरची काच जाड रबरात अडकवलेली असते. या रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसते, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची कड. काही गाड्यांत याच रबराला बाहेरून आणखी एक बारीक खाच असते आणि तिच्यात क्रोमची किंवा प्लॅस्टिकची पट्टी ठोकलेली असते. ही पट्टी शोभेची वाटते, पण ती पाचरीसारखं काम करते. ती आत गेली की रबर फुगतं आणि काचेला व पत्र्याला घट्ट धरतं. त्यामुळे अशा गाडीत पट्टी सैल झाली तर रबराची पकड सुटते आणि पाण्याला वाट मिळते.

उन्हाने रबर कडक होतं, आक्रसतं. कोपऱ्यात बारीक भेगा पडतात. नखाने दाबल्यावर रबर परत वर आलं नाही तर ते संपलं असं समजा. अशा रबरावर वरून काहीही फासण्यात अर्थ नाही, नवीनच घालावं लागतं. रबर अजून मऊ असेल, तर त्याची कड हलकेच उचलून काच आणि रबर, तसंच रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारं ब्युटाइल सीलंट भरतात. ते चिकट राहतं आणि गाडी हलली तरी तडकत नाही.

नवीन रबर बसवण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. रबर आधी काचेवर चढवतात. पत्र्याच्या खाचेत पातळ नायलॉनची दोरी फिरवतात आणि तिची दोन्ही टोकं आतल्या बाजूला सोडतात. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून जागेवर धरतात. एक जण आतून दोरी ओढत जातो आणि दुसरा बाहेरून तळहाताने काच दाबतो. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावरून आत येत जाते. क्रोमची पट्टी सगळ्यात शेवटी.

चिकटवलेली काच

नंतरच्या बहुतेक गाड्यांत काच युरेथेन नावाच्या चिकट पदार्थाने थेट बॉडीला जोडलेली असते. ओळखायची खूण म्हणजे काचेच्या कडेला ठिपक्यांचा काळा पट्टा. तो युरेथेनचं उन्हापासून रक्षण करतो. अशा गाडीतली बाहेरची बीडिंग मुख्यतः फट झाकायला असते. ती निघाली म्हणजे पाणी येणारच असं नाही, आणि ती घट्ट बसवली म्हणजे गळती थांबेल असंही नाही. पाणी अडवतं ते आतलं युरेथेन.

बीडिंगच निघाली असेल तर काम सोपं आहे. माती, जुना डिंक काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मोडलेल्या क्लिपा बदलायच्या किंवा गाडीसाठीचा चांगल्या प्रतीचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावायचा. 'दोन स्क्रू मारून देतो' असं कोणी म्हणालं तर थांबवा. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण.

युरेथेनच सुटलं असेल तर मात्र ते घरी करायचं काम नाही. ही काच गाडीच्या ताकदीचा भाग असते. गाडी उलटली तर छपराला ती आधार देते. अनेक गाड्यांत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकते. वरवर चिकटवलेली काच त्या धक्क्याने बाहेर फेकली जाऊ शकते.

सिलिकॉनचं काय चुकतं?

व्हिनेगरसारखा वास येणारं बाजारातलं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं. दुसरं म्हणजे सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागेवर नंतर युरेथेन नीट धरत नाही. पुढे कधी काच बदलायची वेळ आली की तो थर पूर्ण खरवडण्यातच कारागिराचा दिवस जातो. शिवाय बाहेरची वाट बुजली, पण आधीच आत शिरलेलं पाणी तिथेच अडकलं, तर पत्रा नजरेआड कुजत राहतो.

जुन्या गाडीला खरा धोका या गंजाचा आहे. काचेभोवतीच्या रंगाला फोड आलेले दिसले तर काच उतरवूनच काम करावं लागतं. गंज स्वच्छ पत्र्यापर्यंत घासायचा, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि त्यानंतर काच. पत्र्याला भोकं पडली असतील तर आधी डेंटरकडे वेल्डिंग.

पाणी नक्की कुठून येतंय?

हे आधी शोधा, कारण बऱ्याचदा दोष काचेचा नसतोच. वायपरखालच्या जाळीत झाडाची पानं साचली की तिथली पाणी जाण्याची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. फक्त एसी चालू असतानाच मॅट ओली होत असेल तर एसीची पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते कूलंट आहे, म्हणजे हीटर गळतोय.

तपासणीला दोन माणसं लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायचं. सुरुवात काचेच्या खालच्या कडेपासून करा आणि प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबून वर सरका. वरून सुरुवात केली तर सगळीकडे ओल पसरते आणि काहीच कळत नाही. आतल्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याचा ओघळ स्पष्ट दिसतो. दुसरा उपाय म्हणजे काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेईल असा पूर्ण वेगाने चालवायचा आणि बाहेरून कडेला साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे फट आहे.

खर्च विम्यातून निघेल असं धरून चालू नका. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही वापराने होणारी झीज धरली जात नाही.

काच नव्याने चिकटवून घेतली तर युरेथेन बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला वेळ होईपर्यंत गाडी हलवू नका. पहिला दिवसभर एक खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण सगळं बंद असताना दार आपटलं की आतली हवा ओल्या सीलला ढकलते. आणि कार्पेट उचलून त्याखालचा फोम वाळवायला विसरू नका. वरून कोरडं दिसलं तरी तो कित्येक दिवस पाणी धरून राहतो, आणि त्याच्याखाली असतो फ्लोअरचा पत्रा.